तिसऱ्या पडद्याच्या अलीकडचा स्वर

मित्रांनो, मी एक जुने, एका तारेचे वाद्य आहे आणि मला तुमच्याजवळ एक कबुली द्यायची आहे. आपली गोष्ट सांगताना इतर वाद्ये आपण किती गोड वाजलो ते सांगतात. माझ्यामुळे काय वाजायचे थांबले, ते मी सांगणार आहे.

माझे नाव साल्मोदिकॉन. नाव एवढे लांब आणि अंगावर तार एकच. नॉर्वेतल्या एका अरुंद दरीत तार्येई मास्तरांनी एका हिवाळ्यात मला घडवले. गवताच्या कोठाराचे दार मोडले होते, त्यातून त्यांनी स्प्रूसची फळी काढली. तार मेंढीच्या आतड्याची. मानेवर स्वरांच्या जागा दाखवणारे बर्चच्या लाकडाचे बारीक पडदे चिकटवले आणि त्यांच्या शेजारी शाईने एक ते सात आकडे घातले. या पडद्यांमधली अंतरे मास्तरांनी मनाने ठरवली नव्हती. ती शहरातून, चर्चच्या कचेरीतून, कागदावर आली होती. एक पडदा केसभर सरकला, तर मास्तरांनी तो उपटून पुन्हा लावला.

"देवाचं काम आहे, ओस्नी," ते बायकोला म्हणाले. "इथे अंदाजपंचे उपयोगाचं नाही."

"मग निदान जेवून घ्या," ओस्नी म्हणाली. "उपाशीपोटी मोजा असं काही देवानं सांगितलेलं नाही."

त्या काळी आमच्या दरीत फिडलला चर्चच्या दारातही उभे करत नसत. त्यावर लोक नाचत, पीत आणि मग भांडत. ऑर्गन आणायची ऐपत नव्हती. म्हणून मला बोलावणे आले. चर्चच्या धर्मगुरूंनी, पाळकसाहेबांनी, मला हातात घेतले, एकदा गज ओढून पाहिला आणि म्हणाले, "छान! यावर कुणाला नाचता येणार नाही." माझे हे पहिले कौतुक.

मास्तरांची शाळा फिरती होती. एक आठवडा या शेतघरात, एक आठवडा त्या. मी पोत्यात, पोते मास्तरांच्या पाठीवर. मुले आकडे वाचत, मी स्वर देत असे आणि बघता बघता पन्नास मुले एका आवाजात गाऊ लागली. ज्यांना सूर म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, तीही गाऊ लागली. हे माझे काम चांगले होते, असे मी आजही म्हणेन. मास्तर स्वतः चाली बांधायला लागले. त्यातल्या दोन चाली पाळकसाहेबांनी शहरात पाठवल्या आणि त्या पसंत पडल्याचे पत्र आले. ते पत्र मास्तरांनी बायबलमध्ये ठेवले.

आता गुनवोरकाकूबद्दल सांगतो.

आमच्याकडे मेलेल्या माणसाला मुक्याने घराबाहेर काढत नाहीत. शवपेटी उंबरठा ओलांडत असते तेव्हा कुणीतरी निरोपाचे गीत म्हणायचे असते. चाळीस वर्षे ते गुनवोरकाकू म्हणत आली होती. तिच्या आईकडून ती चाल तिला मिळाली होती, आईला आजीकडून. कागदावर ती कुठेच नव्हती. दरीतले जुने लोक तसेच गात, संथ, वळसे घेत, आणि त्यांतली आता ती एकटीच उरली होती. त्यातला एक स्वर माझ्या तिसऱ्या पडद्याच्या जरा अलीकडे पडायचा. दुसऱ्या पडद्यापासून दूर, तिसऱ्याला न भिडलेला. त्या जागी माझ्या अंगावर नुसते लाकूड होते.

एका रविवारी चर्चमध्ये सगळे माझ्याबरोबर सरळ गात होते आणि काकूचा आवाज तेवढा खाली राहत होता. पाळकसाहेबांनी मास्तरांकडे पाहिले. मास्तरांनी गाणे थांबवले, तिसऱ्या पडद्यावर बोट दाबले आणि गज ओढला.

"काकू, हा स्वर. तुमचा जरा खाली येतोय."

काकू पुन्हा गायली. पुन्हा खाली. मास्तरांनी पुन्हा वाजवून दाखवला. तिसऱ्या वेळी मागच्या बाकावरून स्विनुंग गाडीवान म्हणाला, "राहू द्या हो मास्तर! काकूचा गुडघासुद्धा असाच एका बाजूला कलतो."

चर्चभर हशा पिकला. काकूही हसली. मग तिने पुस्तक मिटले.

त्यानंतर नऊ वर्षे ती दर रविवारी येऊन बसली, पण तिने तोंड उघडले नाही. कुणाच्या घरी मयत झाली की ती म्हणायची, "मास्तरांना बोलवा. त्यांच्याकडे बरोबर स्वर आहे." आणि मग मी आणि मास्तर जात असू. मला त्या वेळी अभिमान वाटायचा.

दहाव्या हिवाळ्यात दरीत घटसर्प आला. दोन आठवड्यांत अकरा मुले गेली. बारावी योरुन. मास्तरांची आणि ओस्नीची एकुलती एक मुलगी, सहा वर्षांची.

जमीन दगडासारखी गोठली होती. दोन दिवस जाळ करून माती मऊ केली, तेव्हा कुठे खड्डा झाला. आणि ते दोन दिवस मास्तर मला मांडीवर घेऊन बसून होते. मुलीसाठी त्यांना नवी चाल बांधायची होती. पाटीवर आकडे लिहायचे, वाजवायचे, पुसायचे. पाच तीन दोन एक. पाच सहा पाच तीन. मित्रांनो, प्रत्येक स्वर मी स्वच्छ दिला. एकही खोटा दिला नाही. पण जे निघत होते ती नुसती मोजणी होती. शेवटी मास्तरांनी कपाळ माझ्या फळीवर टेकले. "देवा," ते म्हणाले, "सात आकडे आहेत माझ्याकडे आणि त्यातला एकही तुझ्यापर्यंत येत नाही." माझे लाकूड ओले झाले. तो ओलावा मी अजून विसरलेलो नाही.

दुपारी स्विनुंग घोड्याची घसरगाडी घेऊन दारात आला. डोंगरामागे सूर्य लवकर जातो. त्याआधी चर्चपर्यंत पोचायचे होते, नाहीतर खड्डा पुन्हा गोठला असता. मास्तर मला घेऊन उठले. पण ओस्नी उंबरठ्यावर बसली होती. तिने दोन्ही हातांनी चौकट धरली होती.

"या मोजपट्टीवर माझी पोर बाहेर जाणार नाही," ती म्हणाली.

"ओस्नी, मी तिच्यासाठी चाल बांधली आहे."

"ती तुमच्या शहरातल्या साहेबांना पाठवा. माझी आई काकूच्या चालीवर गेली. आजीही त्याच चालीवर गेली. त्या दोघी पलीकडे त्याच चालीची वाट बघत असतील. माझी पोर एवढीशी आहे हो, तिला त्या ओळखणार कशावरून?"

अशा समजुती मास्तरांनी वर्गात कितीदा खोडून काढल्या होत्या. त्या दिवशी खोडली नाही, तिच्या शेजारून वाट काढत ते बाहेर पडले. मला हातात तसेच धरून बर्फातून काकूच्या घरी गेले. टोपी घालायचेही भान त्यांना राहिले नाही.

काकू चुलीपाशी ओटची भाकरी भाजत होती.

"काकू, चला."

"चुकीचं गाणं कशाला नेताय पोरीसाठी?" मागे न वळता ती म्हणाली. "तुमच्याकडे बरोबरचं आहे की."

"काकू, मी पाया पडतो तुमच्या. मी चुकलो. भर चर्चमध्ये चुकलो. हवं तर भर चर्चमध्ये सांगतो."

काकूने भाकरी उतरवली. शाल घेतली. "सांगाल तेव्हा सांगाल," ती म्हणाली. "आधी पोरीला पोचवू."

वाटेत मला वाटत होते, आता सगळे नीट होईल. तुम्हालाही तसेच वाटत असेल.

घरात आल्यावर काकू पेटीच्या डोक्याशी उभी राहिली. ओस्नी चौकट सोडून भिंतीपाशी गेली. काकूने सुरुवात केली. नऊ वर्षांचा गंजलेला आवाज, पण चाल तीच होती. ओस्नीने डोळे मिटून घेतले. पहिली ओळ वर गेली, वळली, आणि तो स्वर आला.

तो सरळ आला. नेमका तिसऱ्या पडद्यावरचा. माझा.

काकू थांबली. पुन्हा सुरुवात केली. पुन्हा माझाच स्वर. तिसऱ्यांदा तिने आधीच मान खाली घालून आवाज उतरवू पाहिला, तर तो घसरून थेट दुसऱ्या पडद्यावर गेला. तिने तोंडावर हात धरला.

"गेला," ती म्हणाली. "मास्तर, रविवारामागून रविवार ऐकून तुमची पट्टी माझ्या गळ्यात उतरली हो. माझा स्वर गेला."

मित्रांनो, त्या क्षणी मला कुणी चुलीत घातले असते तर बरे झाले असते.

मास्तरांनी खिशातून चाकू काढला. मला टेबलावर ठेवले आणि तिसरा पडदा मुळापासून उपटला. मग त्याच्या अलीकडचाही. मी मनात म्हणत होतो, उपटा, सगळे उपटा. मास्तरांनी उघड्या लाकडावर तार दाबली आणि गज ओढत बोट हळूहळू सरकवू लागले.

"ओस्नी, तू तो ऐकला आहेस ना? आला की सांग."

"गाता नाही येणार, पण ओळखेन," ओस्नी म्हणाली. "ओढा."

मी स्वर दिला. "नाही." बोट थोडे सरकले. "नाही. खाली." पुन्हा. "खूप खाली." पुन्हा. "हा... नाही, हा नव्हे." काकू मध्येच म्हणाली, "जरासा वर, मास्तर, अगदी जरासा." त्या जागेत होता नव्हता तो प्रत्येक स्वर मी काढून दिला. आयुष्यात मी असा कधी वाजलो नव्हतो. मला तो शोधून द्यायचाच होता. तो एक स्वर मिळाला की काकूच्या गळ्यात तो परत जाईल आणि पोरगी बाहेर जाईल, एवढेच मला कळत होते.

दारातून स्विनुंग म्हणाला, "मास्तर, ऊन कड्यावर गेलं. खड्डा गोठेल." एरवी त्याच्या प्रत्येक वाक्याला शेपूट असायचे. त्या दिवशी नव्हते.

"ओस्नी?" मास्तरांनी विचारले.

ओस्नीने डोळे उघडले. ते मी कधी विसरणार नाही. "एवढे स्वर ऐकले," ती म्हणाली, "आता मलाही आठवत नाही. आत्तापर्यंत होता हो माझ्याजवळ. आता नाही."

मास्तरांनी गज खाली ठेवला. बाहेर घोडा पाय आपटत होता.

मग काकूने ओस्नीचा हात धरला. "पोरी, खोटा स्वर मी तिच्यावर घालणार नाही," ती म्हणाली. "पण मुक्यानंही पाठवणार नाही." तिने पुन्हा सुरुवात केली. पहिली ओळ वर गेली, वळली, आणि तो स्वर यायची वेळ आली तेव्हा काकूने ओठ मिटले. तेवढ्या एका स्वराची जागा तिने रिकामी सोडली आणि पुढचा स्वर धरला. दुसऱ्या ओळीतही तसेच. तिसऱ्या ओळीपासून ओस्नी तिच्याबरोबर गाऊ लागली आणि त्या जागी तीही थांबली. मास्तर आणि स्विनुंग यांनी पेटी उचलली. चालताना त्या रिकाम्या जागेपाशी मास्तरांचे पाऊलही थांबायचे. अशी योरुन उंबरठ्याबाहेर गेली.

ती पोचली का, तिच्या आजीने तिला ओळखले का, हे ओस्नीने पुढे कितीदा विचारले. मास्तरांना, पाळकसाहेबांना, रात्री छताला. काकू त्याच वसंतात गेली. तिच्याबरोबर ती चाल पूर्ण गायलेले शेवटचे माणूस गेले.

मास्तरांनी भर चर्चमध्ये उभे राहून चूक कबूल केली. पाळकसाहेब म्हणाले, "मास्तर, दुःखानं तुमचं मन हललं आहे." मास्तरांनी माझे पडदे पुन्हा लावले नाहीत आणि एकही नवी चाल बांधली नाही. निरोपाचे गीत मात्र दरीत तसेच चालू राहिले, मध्ये जागा सोडून. दरीतल्या लोकांची नातवंडे मोठी झाली. त्यांना वाटायचे, ती जागा श्वास घेण्यासाठी आहे. पुढे शहरातून एक सज्जन गृहस्थ आले. त्यांनी ती चाल लिहून घेतली, छापली, आणि रिकाम्या जागी काळजीपूर्वक तीनचा आकडा घातला. आता सगळे तसेच गातात.

मी एका काचेच्या कपाटात आहे. खाली पाटी आहे, 'दोन पडदे गहाळ'. लोक वाचतात आणि पुढे जातात.

मित्रांनो, माझी झाडपूस छान होते, माझ्यासाठी काही मागत नाही. पण तुमच्या घरात, शेजारात, उपासनेच्या मागच्या बाकावर कुणी म्हातारे माणूस काहीतरी आपल्या तऱ्हेने गुणगुणत असेल. तुमच्या पुस्तकात ते तसे नसेल. तुम्हाला हसू येईल, नीट करून द्यावेसे वाटेल. नका करू, मी हात जोडतो. मला हात नाहीत, तरी जोडतो. त्यांच्याजवळ बसा. "पुन्हा म्हणा ना," एवढेच म्हणा. आणि ते पुन्हा म्हणतील तेव्हा तुमच्याजवळचे कुठलेही वाद्य वाजवू नका. ऐकून ऐकून ते तुमच्या गळ्यात उतरेपर्यंत उठू नका.

आजच जा. मी नऊ वर्षे रोज बरोबर वाजत होतो आणि त्या नऊ वर्षांत कुणीही काकूच्या दारी जाऊन तिला एवढे म्हटले नाही.