लाल उजेडातली हिरवी मिरची

अंबडला बस स्टँडच्या मागच्या गल्लीत भारतचं डीजेचं दुकान आहे. पाटीवर नाव त्याचं, आवाजाचं सगळं बघतो तोच. पण लाईट त्याची थोरली बहीण बेबीनंदा सांभाळते. आयटीआयला इलेक्ट्रिशियनच्या वर्गात ती एकटीच मुलगी होती आणि कुठलीही वस्तू उघडून पाहिल्याशिवाय तिला चैन पडत नसे. दिल्लीहून स्वस्तातले बारा पार लाईट पार्सलने आले, तेव्हा भारतने अकरा लावून बघेपर्यंत बाराव्याचे स्क्रू हिने काढून ठेवले होते. पार म्हणजे डालड्याच्या डब्याएवढा गोल दिवा. त्याच्या तोंडाशी लाल, हिरवे, निळे, पांढरे असे चोपन्न बारीक दिवे बसवलेले. आत काय असतं, तार कुठून कुठे जाते, हे तिने तेव्हाच पाहून घेतलं होतं.

पुढे एकदा पावसाळा संपल्यावर अंबडच्या एका लग्नात निवेदिता आली होती. जालन्यातल्या एका बियाणे कंपनीत ती कार्यक्रमांचं काम बघायची. लग्न लागताना बेबीनंदाने सगळे रंग बंद करून नुसता पांढरा उजेड ठेवला होता. एरवी डीजेच्या लाईटात नवरीचं तोंड निळंहिरवं पडतं. इथे ते तोंडासारखं दिसलं, हे निवेदिताच्या ध्यानात राहिलं. चार दिवसांनी तिचा फोन आला. कंपनी मिरचीचं नवं वाण बाजारात आणत होती. नवीन जालना भागात हॉल घेतलेला होता आणि जिल्ह्यातले दोनशे दुकानदार येणार होते. लाईट तुम्ही कराल का, असं तिने विचारलं.

भारत लगेच हो म्हणाला. बेबीनंदाने फोन त्याच्या हातातून घेतला आणि आपला माल वरातीचा आहे, असल्या कार्यक्रमात तो कधी लावलेला नाही, हे सरळ सांगून टाकलं. निवेदिता म्हणाली, आदल्या दिवशी सकाळी या, लावून बघू.

आदल्या दिवशी दहा वाजता दोघं हॉलवर पोचली. पडदे ओढलेले होते. स्टेजवर पांढरी चादर घातलेलं टेबल, त्यावर एका टोपलीत पिकलेल्या लाल मिरच्या, दुसरीत हिरव्या, बाजूला कुंडीतली दोन झाडं. कंपनीचा रंग लाल, म्हणून भारतने बाराच्या बारा लाईट लाल केले. स्टेज भट्टीसारखं पेटलं. तो खूश झाला.

तेवढ्यात वामनराव आले. हे वाण त्यांनी तयार केलं होतं आणि त्यासाठी त्यांची नऊ वर्षं खर्ची पडली होती. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. ते टेबलाजवळ गेले, एक मिरची उचलली, उलटीपालटी केली आणि ही कोणाची मिरची, असं निवेदिताला विचारलं.

"तुमचीच, सर. सकाळी प्लॉटवरनं आली."

"ही माझी नाही," वामनराव म्हणाले.

त्यांचं खोटं नव्हतं. हिरव्या मिरच्या तव्यावर करपल्यासारख्या काळ्या दिसत होत्या आणि लाल मिरच्या पांढुरक्या, उन्हात विटलेल्या फडक्यासारख्या. दोनशे दुकानदारांना हा माल दाखवायचा असेल तर मी उद्या येत नाही, हॉलच्या ट्यूबलाईट लावा आणि हे दिवे परत पाठवा, असं त्यांनी शांतपणे सांगितलं. भारत वायर गुंडाळू लागला.

बेबीनंदाचं मात्र कोणाकडे लक्ष नव्हतं. तिने हिरवी मिरची हातात धरून लाईट हिरवा केला. मिरची झाडावर असल्यासारखी तजेलदार झाली. आता टोपलीतली लाल काळी पडली होती. निळा केला तर दोन्ही काळ्या. इतकी वर्षं तिने हे रंग हजार वेळा बदलले होते, पण ते माणसांवर, भिंतींवर, नाचणाऱ्यांच्या घोळक्यावर. एका मिरचीवर कधी बघितलं नव्हतं.

"सर, जाऊ नका. हे बघा जरा," ती म्हणाली. "ही काळी कामून पडून राह्यली?"

वामनराव दारापर्यंत गेले होते. ते परत फिरले. मिरची हिरवी दिसते कारण ती हिरवा उजेड परत पाठवते, ते सांगू लागले. तिच्यावर नुसता लाल टाकला तर परत पाठवायला तिच्याजवळ काही नसतं, म्हणून काळी. बेबीनंदाने ऐकून घेतलं आणि मग लाल, हिरवा, निळा तिन्ही एकदम लावले. चादर पांढरी दिसली. मिरची मात्र शिळी वाटत होती आणि वामनरावांचा हात काविळीच्या माणसासारखा.

"उजेड तर पांढराच हाय. मंग असं कसं?"

वामनरावांनी मिरची पुन्हा उचलून पाहिली. "मला माहीत नाही," ते म्हणाले आणि खुर्ची ओढून टेबलापाशी बसले.

त्यानंतर जेवायचं कोणालाच सुचलं नाही. बेबीनंदाने तिन्ही रंग बंद करून फक्त मूळचे पांढरे दिवे ठेवले, तशी मिरची जिवंत झाली. पण तो उजेड दवाखान्यातल्यासारखा थंड होता. भारतने स्टेशनरीच्या दुकानातून फिकट पिवळा जिलेटिन कागद आणला, तो चार लाईटच्या तोंडाला चिकटवला. चेहऱ्यांवर ऊब आली. डोळ्यांवर तिरीप येत होती, म्हणून मिठाईवाल्याकडचा बटर पेपर लावला. वामनराव प्रत्येक बदलानंतर एक मिरची खिडकीशी नेत, पडदा बाजूला सारून उन्हात धरत आणि परत येऊन सांगत, अजून थोडं राहिलं.

दुपारी निवेदिताने मोबाईलवर चित्रीकरण करून पाहिलं तर मोबाईलच्या पडद्यावर काळे पट्टे वरून खाली सरकत होते. भारत म्हणाला मोबाईल खराब आहे. त्याच्या मोबाईलवरही तेच आलं. बेबीनंदा उजेड कमी-जास्त करत राहिली. पूर्ण ठेवला की पट्टे गायब, कमी केला की हजर. मग तिला बाराव्या लाईटचं उघडलेलं पोट आठवलं. या स्वस्तातल्या दिव्यात उजेड खरंतर कमी होतच नाही. तो भराभर चालू-बंद होतो. माणसाचा डोळा फसतो, कॅमेरा फसत नाही. तिने सगळे लाईट पूर्ण ठेवले आणि जिथे उजेड कमी हवा तिथे स्टँड चार पावलं मागे नेला, नाहीतर दुसरा कागद लावला.

चार वाजता वामनराव शेवटची मिरची खिडकीशी नेऊन आले. आता काही राहिलं नाही, म्हणत त्यांनी ती टोपलीत ठेवली.

कार्यक्रम सकाळी अकराला सुरू झाला. पहिल्या रांगेत रामराव बसले होते. जांब समर्थकडचे जुने दुकानदार, घरची शेतीही मोठी. ते काय घेतात हे बघून बाकीचे घेतात, असं निवेदिताने सांगून ठेवलं होतं. वामनरावांचं भाषण संपलं, लोक टेबलाभोवती जमले. रामरावांनी दोन मिरच्या मुठीत घेतल्या आणि ते हॉलच्या बाहेर चालू लागले.

काय होतं हे बघितल्याशिवाय बेबीनंदाला राहवेना. ती मागोमाग गेली.

रामराव अंगणात उन्हात उभे राहून मिरच्या निरखत होते. एक मोडून त्यांनी आतलं बी पाहिलं. मग तिच्याकडे वळून, लाईट कोणाची, असं विचारलं.

"माझी."

"मागं एका ठिकाणी टमाटे पाह्यले व्हते. आत लालबुंद, बाहेर आणले तर फिक्के. तवापासून मी माल उन्हातच बघतो."

"मंग ही?"

"आत हाय तशीच बाहेर हाय," रामराव म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी वामनरावांपाशी खुर्ची घेतली.

कार्यक्रम चांगला झाला. कंपनीने पुढची दोन कामं तिथेच पक्की केली. पण बेबीनंदाला जास्त आनंद झाला तो वामनरावांच्या पुढच्या सोमवारच्या फोनने. त्यांना रात्रभर एक प्रश्न छळत होता. कंपनीत बायका हाताने बी निवडतात, डागाळलेलं बाजूला काढतात. त्यांना कुठल्या उजेडात सोपं जाईल? तुमचे दोन दिवे घेऊन या.

दिवे स्कूटीवर बांधून ती गेली. निवडायच्या खोलीत चांगुणाबाई बसल्या होत्या. अठरा वर्षं बी निवडण्याचं काम, आणि दुपारनंतर डोळ्यांना पाणी. ट्यूबलाईटखाली निवडून झालेलं मूठभर बी त्यांनी ताटात पसरलं. लाल उजेडात सगळं बी एकसारखं दिसलं. हिरव्यात थोडा फरक. निळा लावला आणि चांगुणाबाई पुढे वाकल्या. निवडलेल्या, चांगल्या म्हणून ठेवलेल्या बियांत सात दाणे वेगळेच काळपट दिसत होते. त्यांनी ते वेचून वामनरावांच्या तळहातावर ठेवले. वामनरावांनी ते दारात उन्हात नेले. सातही दाण्यांवर बारीक तपकिरी डाग होता.

"हे तर आपोआप दिसून राह्यलं," चांगुणाबाई म्हणाल्या. मग डोळे चोळून त्यांनी हेही सांगितलं की निळ्याकडे फार वेळ बघवत नाही, टोचतं.

बेबीनंदाने लाईट हातात घेऊन मागची बटणं पाहिली.

"निळ्यात थोडा पांढरा मिसळू का, मावशी?"

"मिसळ की. मी पाच वाजेपत्तोर हितंच हाय."