चारचा पंप

“हाच घे,” मी म्हणालो आणि काउंटरवरच्या तीन इलेक्ट्रिक पंपांपैकी मधल्यावर बोट ठेवलं.

दुकानदार पुष्करशी बराच वेळ जर्मनमध्ये बोलला. शेजारचा डबा त्याने पुढे सरकवला. पुष्कर नुसता मान हलवत “गेनाऊ, गेनाऊ” करत होता.

“काय म्हणतोय रे?”

“काही नाही, बाबा. चांगली पारख आहे म्हणतोय.”

मला बरं वाटलं. कुसुम गेली आणि मुलाने मला जर्मनीत, बॉबलिंगेनला आणलं, त्याला आठ महिने झाले होते. तो आणि सूनबाई दिवसभर ऑफिसात, मी खिडकीत. जेवताना तो विचारायचा, “आज काय केलंत?” मी सांगायचो, “बसलो.” मग त्याने अडुसष्ट सालची अमेरिकन गाडी आणली. आठ सिलिंडर, जुना कार्ब्युरेटर, इंजिनावरचा पेट्रोल पंप मेलेला. “तुमच्याशिवाय ही चालू व्हायची नाही,” म्हणाला. इचलकरंजीत चाळीस वर्षं गॅरेज चालवलेल्या माणसाला आणखी काय हवं?

इंग्रजी मला येत नाही. मराठी अक्षरंसुद्धा पन्नाशीत गिरवली. आकडे मात्र कळतात. डब्यावर चार लिहिलं होतं. चार पौंड. कार्ब्युरेटरला तेवढा दाब पुरतो.

पंप मी टाकीजवळ, खालच्या अंगाला बसवला. शनिवारी घराखालच्या गॅरेजात पुष्करने किल्ली फिरवली. पंप घुमला आणि कार्ब्युरेटरच्या तोंडातून पेट्रोल उसळून इंजिनावरून खाली फरशीवर आलं.

“बंद कर! बंद कर आधी!”

शेजारच्या गॅरेजमधल्या बाई ओरडत आल्या. पुष्करने त्यांची माफी मागितली, फरशीवर भुसा पसरला. मी डबा पुन्हा पाहिला.

“चारच आहे की रे.”

“चार बार आहे, बाबा.” तो भुशाकडे बघत होता. “पौंडात अठ्ठावन्न होतात.”

“दुकानात तो हेच सांगत होता?”

“हो. नव्या, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा आहे म्हणाला, तिला दाब जास्त लागतो. त्याच्यासमोर तुम्हाला कसं सांगू? वाटलं, बसवताना तुमच्याच लक्षात येईल.”

“माझा भागीदार भास्कर भर गिऱ्हाइकात म्हणायचा, ‘विष्णू, डोकं गहाण ठेवलंस काय?’ मी पाना आपटायचो आणि ऐकायचो. आणि हे पेटलं असतं तर?”

तो भिजलेला भुसा गोळा करू लागला.

पुढच्या शनिवारी आम्ही परत गेलो. या वेळी पुष्करने दुकानदाराचं एकेक वाक्य मला मराठीत सांगितलं. सावकाश, मोठ्याने, दवाखान्यात म्हाताऱ्यांना सांगतात तसं. दाब किती, नळी कसली, पेट्रोल पंपात कुठल्या बाजूने शिरतं आणि कुठून बाहेर पडतं.

ते मला ठाऊक होतं. मी मान हलवत राहिलो.