बसवून घेतलेला गीझर

खालच्या बाथरूमची कडी आतून लागल्याचा आवाज आला, तसा तो दाढीचा ब्रश हातात घेऊनच धावत जिना उतरला आणि दाराबाहेर येऊन उभा राहिला. अर्ध्या गालाला फेस, अर्धा गाल कोरडा. आत स्टूल सरकलं, मग नळ सुटला. तो नळाच्या आवाजामागे काहीतरी वेगळं ऐकू येतंय का ते ऐकत होता. काय ऐकू आलं म्हणजे घाबरायचं, हे मात्र त्याला नेमकं माहीत नव्हतं.

"आई, ठीक आहेस ना गं?"

"आंघोळ करतेय रे. तुला काय हवंय?"

"काही नाही. घाई करू नकोस, एवढंच."

"तू दारात उभा राहिलास तर होणारच घाई."

तो दोन पावलं मागे गेला आणि पुन्हा तितकीच पुढे आला. आईच्या आधी उठायचं आणि गीझरची वायर काढून ठेवायची, असं त्याने काल ठरवलं होतं. पण म्हातारी माणसं कोंबड्याच्याही आधी उठतात हे त्याच्या हिशेबात नव्हतं. स्वयंपाकघरात बायको मिक्सर फिरवत होती, ओट्यावरच्या रेडिओवर कोणीतरी हवामान सांगत होतं. सगळं घर आपापल्या कामात होतं. त्याचा एकट्याचा जीव तेवढा टांगणीला लागला होता.

आई पहिल्यांदाच त्याच्याकडे राहायला आली होती. इतकी वर्षं ती थोरल्याकडे होती, आणि थोरल्याचं घर म्हणजे बोट दाबलं की सगळं हजर. याच्याकडे तसं नव्हतं. वरच्या मजल्यावर गीझर होता, पण आईचे गुडघे जिना चढू देत नव्हते. खालच्या बाथरूममध्ये नुसता गार पाण्याचा नळ. ती यायचं नक्की झाल्यापासून त्याला एकच ध्यास लागला होता. आईची आखडलेली बोटं सकाळी गरम पाण्याखाली मोकळी व्हावीत आणि तिने थोरल्याला फोनवर ते सांगावं. दुसरा भाग तो कोणापाशी कबूल करणार नव्हता.

गीझर आणून झाला. छोटाच होता, टाकी नसलेला, बटण लावलं की जाताजाता पाणी तापवणारा. तो बसवायला लायसन्सवाला वायरमन हवा, आणि त्या भागातला लायसन्सवाला वायरमन म्हणजे उद्यापंत. हे नाव बायकोने ठेवलेलं. कधीही फोन करा, "उद्या सकाळी आलोच" हे उत्तर ठरलेलं. उद्यापंतांची सकाळ काही उजाडेना आणि आईच्या येण्याचा दिवस तर तोंडावर आला.

"तू हात लावायचा नाहीस हं," बायकोने बजावलं होतं. "मागे तू दारावरची बेल दुरुस्त केलीस, ती अजून कोणी न दाबता वाजते."

हेच त्याला लागलं. बायको आईला आणायला गेली त्या दुपारी त्याने भिंतीला ड्रिल लावलं. शेजारच्या खोलीतल्या जुन्या प्लगमधून लाइन ओढली. वायर थोडी आखूड पडली, म्हणून बटण बाहेर लावायचं ते आतच लावलं. गीझर भिंतीवर चढला, बटण दाबलं, लाल दिवा लागला, नळातून वाफाळतं पाणी आलं. त्या पाण्याखाली हात धरून तो एकटाच हसला. अर्ध्या हळकुंडाने पिवळे होतात म्हणतात, हा तर अख्खा माखून निघाला होता.

"आले वाटतं उद्यापंत?" दोघी घरात आल्यावर बायकोने विचारलं होतं.

"बसवून घेतला की."

बसवला म्हणायच्या ऐवजी बसवून घेतला म्हटलं, एवढंच काय ते खोटं. पण तेवढं बोलल्यावर मागे फिरायची वाट उरली नाही. आईने नव्या गीझरकडे मान वर करून बराच वेळ पाहिलं, त्याच्या पाठीवरून हात फिरवला. रोज सकाळी आंघोळीहून आली की न विचारता सांगायची, "छान गरम होतं हो पाणी." तो दिवसभर त्या वाक्यावर जगायचा.

कालपर्यंत.

तो विमा कंपनीत दावे तपासायच्या विभागात होता. घरात आग लागलेली, शॉक बसलेली माणसं त्याच्या टेबलासमोर येत आणि तो त्यांना नियम सांगे. बल्ब बदला, प्लगचा फ्यूज बदला, ते तुमचं तुम्ही करू शकता. पण नवी लाइन ओढणं, बोर्डाला हात घालणं, बाथरूममध्ये काहीही करणं, ही कामं लायसन्सवाल्याचीच. वर त्याने तपासणी करून तशी सही द्यायची. ती सही नसेल तर वीज कंपनी जोडणी तोडू शकते आणि विमा कंपनी पैसे नाकारू शकते. लोक चिडत. घर माझं, हात माझे, मग गुन्हा कसला, असं विचारत. त्यावर त्याचं एक ठरलेलं वाक्य होतं: "घर तुमचं, पण वीज तुमची नाही." त्याला ते वाक्य आवडायचं.

काल चपलांचा एक दुकानदार आला होता. स्वयंपाकघर जळलेलं, बायकोचा हात भाजलेला. त्याने स्वतःच एक नवा प्लग बसवला होता. फोटोत त्या प्लगमधली हिरवी वायर नुसतीच लोंबत होती.

"ही जोडलीच नव्हती तुम्ही," तो दुकानदाराला म्हणाला.

"जोडायची कशाला? दोन वायरींवर चालतंय की सगळं."

"चालतं हो. पण यंत्राच्या पत्र्यात वीज उतरली, तर ती या वायरने जमिनीत जाते. ही नसेल तर माणसातून जाते."

बोलता बोलता तो थांबला. शेजारच्या खोलीतला जुना प्लग दोन वायरींचा होता. गीझरची हिरवी वायर जोडायला तिथे जागाच नव्हती. मग त्याने काय केलं होतं? ती छान दुमडली होती, वर चिकटपट्टी गुंडाळली होती, नीटनेटकी दिसावी म्हणून. नियम त्याला तोंडपाठ होता. त्या नियमात एक वायर असते, आणि ती आपण स्वतःच्या बोटांनी दुमडली आहे, हे त्याला आत्ता कळत होतं.

"साहेब, बरं वाटत नाही का?" दुकानदारानेच पाण्याचा ग्लास पुढे केला.

नेहमीचं वाक्य त्याच्या तोंडून निघालं नाही. लोकां सांगे ब्रह्मज्ञान आणि आपण कोरडे पाषाण, दुसरं काय. त्याने मधल्या सुट्टीत उद्यापंतांना फोन लावला.

"माझ्या एका मित्राने घरी स्वतःच गीझर बसवलाय," तो म्हणाला. "तुम्ही येऊन जरा बघून सही द्याल का?"

"दुसऱ्याच्या कामावर सही? माझं लायसन्स जाईल की हो. सगळं उखडायचं, नव्याने ओढायचं, मग सही."

"मग कधी याल?"

"मित्राकडे? उद्या सकाळी आलोच."

संध्याकाळी घरी येऊन त्याने वेळ मारून न्यायचा प्रयत्न केला. आईला म्हणाला, दोन दिवस गीझर लावू नकोस, आत गाळ साचलाय. आई काही म्हणायच्या आतच बायको म्हणाली, "नव्या गीझरमध्ये गाळ? उद्यापंतांना फोन लाव, मी बोलते." त्याने घाईघाईने म्हटलं, राहू दे, किरकोळ असेल. तेव्हाच सांगून टाकता आलं असतं. जीभ उचललीही होती. पण आई समोर बसली होती, आणि बायकोच्या चेहऱ्यावर ती बेल वाजू लागलेली त्याला दिसली. त्याने मूग गिळले.

आणि आता आई आत होती. ओल्या फरशीवर, ओल्या हातांनी, त्याच्या त्या हौसेच्या खाली बसलेली.

त्याला ते सहन होईना. तो पुढच्या दारापाशी गेला, खुर्चीवर चढला आणि मेन स्विच खाली ओढला. मिक्सर घर्रकन थांबला, हवामान सांगणारा वाक्य अर्धं टाकून गप्प झाला.

"अरे देवा, लाइट गेली!" स्वयंपाकघरातून आवाज आला.

तो खुर्चीवरच उभा राहिला. आता आतून ओरडा येणार होता. टाकी नसलेला गीझर, लाइट गेली की पाणी लगेच गार. या थंडीत आई ओरडेल, मग आपण म्हणू, लाइट गेली, ये बाहेर, राहू दे आज. तो वाट बघत राहिला.

आतून काही आलं नाही. नळ चालूच होता. पाणी अंगावर पडत होतं, तसंच, आधीच्याच लयीत. थोड्या वेळाने नळ बंद झाला, स्टूल सरकलं, आणि आई पदर सारखा करत बाहेर आली.

"छान गरम होतं हो पाणी," ती म्हणाली.

त्याने खुर्चीवरून उतरून तिचा हात धरला. बोटं आखडलेली, नखांपाशी निळसर, आणि इतकी गार की त्याने आपला दुसरा हातही वर ठेवला.

"आई, लाइट गेलीय. केव्हाची."

"हो का? मला नाही कळलं."

"तू बटण लावलंसच नाहीस."

आईने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्याने सोडला नाही.

"आजच नाही लावलंस, की रोजच?"

"तुझी दाढी अर्धी राहिलीय बघ," आई म्हणाली.

"आई."

"अरे, भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवलंयस, गीझरच्या खाली, 'वर' म्हणून, बाण काढून. उद्यापंतांना वर कुठे आणि खाली कुठे ते लिहावं लागत असेल का? आणि त्यातला तो 'व'. पोट फुगलेला. पाटीवर तुझा हात धरून मी गिरवून घेतला, तरी शेवटपर्यंत तसाच काढलास." ती जराशी हसली. "मी पहिल्याच दिवशी ओळखलं, तूच बसवलायस."

"मग लावलं का नाहीस? बोलली का नाहीस?"

"तुझं काम मला माहीत नाही होय? जीव प्यारा आहे मला." मग तिने आवाज खाली आणला. "पण इतक्या हौसेने केलंस. रोज सकाळी दारात येऊन उभा राहायचास, पाणी कसं होतं ते ऐकायला. गार होतं म्हणून कसं सांगू?"

या थंडीत, या बोटांनी, आपल्याला हव्या असलेल्या त्या एका वाक्यासाठी. त्याने ती बोटं आणखी घट्ट धरली.

बायको ओले हात पुसत चौकटीत येऊन उभी राहिली. "शेजारी तर लाइट आहे. आपलीच गेली का?"

"जाते गं मध्येमध्ये," आई लगेच म्हणाली. "येईल आत्ता."

किती सहज म्हणाली ती. अगदी त्याच्यासारखी. असं खोटं आई त्याच्यासाठी आयुष्यात आणखी किती वेळा बोलली असेल, कोणाकोणापाशी, हे त्याला एकदम मोजावंसं वाटलं आणि मोजवेना.

"गेली नाही," तो म्हणाला. "मी बंद केलीय. उद्यापंत आलेच नव्हते. गीझर मी बसवलाय, आणि चुकीचा बसवलाय. त्यातून शॉक बसू शकतो. आई इतके दिवस गार पाण्याने आंघोळ करतेय."

बायकोने त्याच्याकडे पाहिलं. मग त्याच्या हातांत अडकलेल्या आईच्या बोटांकडे पाहिलं. बेल वाजली नाही. ती आत वळली. गॅस पेटल्याचा आवाज आला.

"आधी पाणी तापवते," ती आतूनच म्हणाली. "भांडण नंतर."

"मला आता कशाला?" आई म्हणाली. "झाली की माझी आंघोळ."

"पाय तरी बुडवून बसा, आई. आणि तू ते वायरचं काय असेल ते उपटून टाक आधी. नाही, थांब. तू काहीच उपटू नकोस. मेन बंदच राहू दे. उद्यापंतांना मी बघते. नवऱ्याने स्वतः बसवलाय म्हटल्यावर आजच धावत येतील ते, बघायला तरी."

त्याने आईला खुर्चीवर बसवलं, टब आणला, बायकोने पातेलं आणून ओतलं. वाफ वर आली. आईने लुगडं घोट्यावर सावरलं आणि एक पाय पाण्यात टाकला, मग दुसरा. मग वाकून दोन्ही हात मनगटापर्यंत पाण्यात सोडले आणि डोळे मिटले. तिच्या तोंडून आवाज निघाला, लांब, आतून आलेला, लहान मुलाने दमून निजताना काढावा तसा. तो खाली फरशीवर बसला होता. रोज दाराला कान लावून तो इतकं काय काय ऐकत होता. हा आवाज एकदाही आला नव्हता, आणि तो आला नाही हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं.

"चटका बसतोय का, आई?" बायकोने विचारलं. "गार घालू थोडं?"

"नको गं," डोळे न उघडता आई म्हणाली. "बसू दे."