उताणा प

दवाखान्यातून फोन आला तेव्हा छापखान्यात सर्कशीचं पोस्टर अर्धं जुळवून झालं होतं. बायको गेल्याचं कळल्यावर छापखानेवाल्याने हात पुसले, लाकडी अक्षरं एकेक करून खणात ठेवली आणि खणाला कुलूप घातलं. ती अक्षरं तिने स्वतः कोरलेली होती.

घरात त्या अक्षरांना ‘पैलवान’ म्हणत. तळहाताएवढं एकेक अक्षर, शिरोरेघ तुळईसारखी आणि प्रत्येक कान्याच्या पायाशी विटेसारखा चौकोनी ठोकळा. रस्त्यापलीकडून चष्म्याशिवाय वाचता येई. सेल, कुस्ती, सर्कस, सगळं पैलवानातच. एकाने लग्नपत्रिकाही त्यात मागितली, तेव्हा ती म्हणाली होती, “अहो, पत्रिका बघून वऱ्हाड पळून जाईल!”

कुलूप लागलं ते लागलंच. मग एक दिवस लेक आली. तिची बेकरी सुरू होणार होती.

“बाबा, उद्या भट्टी पेटणार. पोस्टर पैलवानात हवं.”

“बारीक टाइपात देतो की. नाजूक दिसेल.”

“मला पाव विकायचाय, अत्तर नाही.”

“किल्ली शोधावी लागेल.”

“तुझ्या खिशात आहे. चालताना वाजते.”

त्याने नाइलाजाने खण उघडला. ‘ताजा पाव आजपासून’ एवढंच छापायचं होतं. पण त्यात प दोनदा आणि खणात प एकच. बायको लागेल तसं अक्षर कोरायची. त्याने जन्मभर अक्षरं जुळवली, पण पटाशीला कधी हात लावला नव्हता.

“एक प बारीक टाइपातला घालूया?” लेक म्हणाली.

“पैलवानांच्या रांगेत मांजर उभं करू?” तो एकदम उखडला आणि आपल्याच आवाजाने दचकला.

मग तो बायकोची पटाशी घेऊन बसला. जुन्या पचा पातळ कागदावर ठसा घेतला, लाकडावर चिकटवला आणि कोरायला लागला. ठोकळा काटकोनात आला, कडा स्वच्छ आल्या.

“अरे वा, बाबा!” लेक म्हणाली. त्याची मान ताठ झाली.

शाई लावली, दाब दिला, कागद उचलला. पहिला प नीट उभा होता. दुसऱ्याने त्याच्याकडे पाठ फिरवली होती.

लेक तोंड दाबून हसत खाली बसली. “कागद पालथा चिकटवायचा असतो! लाकडावर अक्षर उलटं असलं तरच सरळ छापतं. तू उताणा चिकटवलास. आई दर वेळी ओरडून सांगायची.”

“मला कुठे? मी तेव्हा आत तिच्यासाठी चहा करत असायचो!”

जन्म उलटी अक्षरं वाचण्यात गेला आणि हे दिसलं नाही, कारण सगळा वेळ तो कडाच निरखत बसला होता. त्याला हसू फुटलं, ते आवरेचना. हातातला रोलर खाली ठेवावा लागला. ती गेल्यापासून त्या खोलीत कोणी असं हसलं नव्हतं.

मग नवा प त्याने कागद पालथा घालून कोरला. तो सरळ छापला गेला.

दुसऱ्या दिवशी बेकरीसमोरचा न्हावी गिऱ्हाईक अर्धवट सोडून दारात आला आणि रस्त्यापलीकडून मोठ्याने वाचत सुटला, “ताजा पाव आजपासून!” गिऱ्हाईकही साबणाच्या तोंडाने पाव घ्यायला निघालं. चुकलेलं पोस्टर लेकीने भट्टीमागे स्वतःसाठी लावून घेतलं.

आता तिला दुकानाच्या वेळेचं पोस्टर हवंय, तेही पैलवानात. तो रोज संध्याकाळी थोडं कोरतो. आकड्यांपैकी बायकोने पाचापर्यंतच केले होते. सहापासून नऊपर्यंतचे अजून व्हायचे आहेत.