गौरीचा अंगठा

आमची गौर माणसाएवढी आहे. उंची पाच फूट दोन इंच, कापसाचं अंग, वर पितळी मुखवटा. वर्षातले तीन दिवस सोडले तर ती दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या फ्लॅटमध्ये, अडगळीच्या खोलीत, जुन्या चादरीत गुंडाळून एसीच्या फिल्टरांशेजारी उभी असते. मी तिला 'तुझी बाहुली' म्हणायचो. साधना म्हणायची, "अहो, जीभ आवरा." पण हसायचीही, निदान सुरुवातीच्या वर्षांत.

अवनी तीन वर्षांची असताना साधनाने ही गौर घरीच शिवली. हात स्वतःच्या हाताच्या मापाचे केले, म्हणजे स्वतःच्याच बांगड्या तिला घालता येतील. मी पाइपचा स्टँड करून दिला आणि बोटांसाठी कारखान्यातली दोन मिलिमीटरची तार. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात आमचा कारखाना आहे, कोल्ड स्टोरेजची पॅनेलं बनतात आणि मी तिथे मेंटेनन्स बघतो. तार पुन्हा पुन्हा वाकवली की थकते आणि एक दिवस तुटते, हे मला तेव्हाही माहीत होतं. दर श्रावणात साधना म्हणायची, "अहो, यंदा हिचे हात नीट करून द्या ना." मी म्हणायचो, "पुढच्या वर्षी नक्की." हे एकवीस वर्षं चाललं. एकवीस वर्षं मी लोकांचे कॉम्प्रेसर दुरुस्त करत होतो.

साधनाला जाऊन येत्या दिवाळीत दोन वर्षं होतील. गेल्या वर्षी घरात सण नव्हता. यंदा अवनीने डब्लिनहून फोनवर विचारलं, "बाबा, आर यू डूइंग गौरी धिस इयर?" मी एकदम हो म्हणून बसलो. मग ठरवलं, करायची तर नवा हात करूनच. रविवारी आवाहन, त्याच्या आत. साधनाने माझ्याकडे मागितलेल्या गोष्टी फार नव्हत्या, आणि त्यातली ही एक तरी मला पुरी करायची होती.

इंटरनेटवर शोधलं तर माणसाएवढ्या बाहुल्यांसाठी बोटांचे तयार सांगाडे मिळतात. स्टीलचे, प्रत्येक पेराला सांधा, नटबोल्ट आवळून बोट हवं तसं ठेवता येतं. दिवसा घरी कुणी नसतं म्हणून ऑफिसचा पत्ता दिला. ती चूक झाली. खोक्यावर आत काय आहे ते ठळक छापलेलं होतं आणि ते ऑफिसातल्या विलासच्या हातात पडलं.

"टिपणीस साहेब, लाइफ साइज डॉल? हँड स्केलेटन?" तो दारातूनच म्हणाला. "एकशे ऐंशी दिरहम! म्हणजे चार हजारांच्या वर गेले की."

"गौरीसाठी आहे."

"अच्छा, गौरी." तो दार लावून आत आला. "साहेब, एकटं राहणं सोपं नसतं. आय अंडरस्टँड. मी कुणाला बोलणार नाही."

मी खुलासा केला नाही. केला असता तर आणखी हसला असता. असा राग आला होता की संध्याकाळी बाहेर पडताना त्याच्याकडे बघितलंही नाही. गाडीत बसल्यावर मात्र लक्षात आलं की आख्ख्या दिवसात कामाव्यतिरिक्त माझ्याशी बोललेला तो एकटाच होता.

बुधवारी संध्याकाळी गौरीला जेवणाच्या टेबलावर आडवी केली आणि उजव्या हाताची शिवण उसवली; डावा पदराखाली झाकलेला असतो. कापूस काढला आणि तसाच थांबलो. मी दिलेली तार आत जवळजवळ उरलीच नव्हती. पहिल्या बोटात केसांची पिन होती. मधल्यात विणायच्या सुईचा तुकडा, त्याच्या शेजारी आइस्क्रीमची काडी. करंगळीत निळा टूथब्रश होता, मुठीकडून कापलेला, आणि तो माझा होता. सगळ्यावर औषधाच्या दुकानातली चिकटपट्टी. काही पट्ट्या पिवळ्या पडलेल्या, काही त्यामानाने ताज्या. दर वर्षी एखादं बोट मोडत होतं आणि दर वर्षी ती ते एकटी बसवत होती. मला विचारून झाल्यावर, माझं 'पुढच्या वर्षी' ऐकून झाल्यावर.

अंगठा तेवढा वेगळा होता. तो बाकीच्या हाताला बांधलेलाच नव्हता. काळ्या इलॅस्टिकच्या तुकड्याने नुसता अडकवलेला, धरला की इकडेतिकडे डुलायचा. बाकीच्या बोटांचं इतकं मनापासून केलेलं काम आणि अंगठा असा लोंबकळत ठेवलेला. "काय हे काम, साधना," मी मोठ्याने म्हणालो. रिकाम्या घरात मोठ्याने बोलायची मला आता सवय झाली आहे. पिन, सुई, काडी, टूथब्रश, सगळं मी एका वाटीत ठेवलं. इलॅस्टिक कचऱ्याच्या डब्यात टाकलं.

नवा हात बसवायला दोन संध्याकाळी लागल्या. तळव्याच्या जागी स्टीलची पट्टी, तिला चार बोटं. अंगठ्याला मी स्वतःचा एक जास्तीचा बोल्ट लावला, हलायला नको म्हणून. वर कापूस, वर तिचंच कापड, तिच्याच टाक्यांच्या भोकांतून शिवण. बोटं अशी सुरेख वळत होती की कमळ दिलं तर कमळ धरतील. साधनाला हाक मारून दाखवावंसं वाटलं. अशा वेळी माणूस गेल्याचं नव्याने कळतं.

शुक्रवारी कारखाना अर्धा दिवस असतो. दुपारी घरी येऊन मी कपाटातून तिचा हिरव्या बांगड्यांचा डबा काढला. माप दोन-चार, म्हणजे सव्वादोन इंच. गौरीचा हात खांद्याला शिवलेला, म्हणून बांगडी बोटांकडूनच चढवावी लागते. चारी बोटं सहज आत गेली आणि अंगठ्याच्या बुडाशी बांगडी अडली. मी जोर लावला. कट्‌ झालं. बांगडी फुटली म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं, तर मी ती वाढवली. साबण लावून दुसरी वाढवली, प्लास्टिकची पिशवी हातावर चढवून तिसरी. मग हरलो आणि टेबलावरच्या हिरव्या काचा ओल्या फडक्याने टिपत बसलो. गौरीचा इतका चांगला हात आमच्या घरात कधी नव्हता, आणि त्यात बांगडी जात नव्हती.

शनिवारी सकाळी मीना बाजारच्या गल्लीत गेलो. तिथे मुश्ताकचं बांगड्यांचं दुकान आहे, फिरोजाबादचा माणूस, जेमतेम एक गिऱ्हाईक मावेल एवढी जागा. साधना दर वर्षी यायची. मी बाहेर गाडीत बसायचो, पार्किंग मिळत नाही म्हणून. खरं म्हणजे कंटाळा म्हणून.

"दोन-चार, हिरव्या, एक डझन," मी म्हणालो.

"मॅडम को ले आइए साहब, मैं पहना दूँगा."

मॅडम नाहीत, हे सांगितलं. गौरीचं सांगितलं, स्टीलच्या बोटांचं, फुटलेल्या तीन बांगड्यांचं. इतकं कशाला सांगत होतो कोण जाणे. तो हसला नाही. स्टूल पुढे सरकवून म्हणाला, "अपना हाथ दीजिए."

आमच्याकडे पुरुषाच्या हातात बांगडी म्हणजे शिवी. मी दाराकडे बघितलं आणि हात पुढे केला. त्याने सगळ्यांत मोठ्या मापाची एक बांगडी घेतली, माझी बोटं एकत्र केली आणि अंगठा मुळापासून तळव्यात दाबला.

"ढीला छोड़िए. आप हाथ को पकड़ के बैठे हैं." मी सैल सोडायचा प्रयत्न केला. "चूड़ी का नाप उँगली से नहीं होता साहब, अँगूठे से होता है. अँगूठा अंदर गिरना चाहिए. दर्द यहीं होगा, एक बार. उस वक़्त डर के छोड़ दिया तो टूटेगी."

अंगठ्याच्या बुडाशी कळ आली आणि बांगडी मनगटावर होती. त्याने माझा हात लगेच सोडला नाही, कारण बांगडी उतरवायचीही होती. माझे डोळे भरून आले. दोन वर्षांत माझा हात इतका वेळ कुणी धरला नव्हता, हे एक. दुसरं मी मुश्ताकला सांगितलं नाही.

साधनाला स्ट्रोक आला तेव्हा डॉक्टरांनी एमआरआय सांगितला. हातात सोन्याच्या पाटल्या होत्या, त्या काढणं भाग होतं, आणि सलाइनने हात सुजला होता. केरळची नर्स होती. तिने हातावर जेली लावली आणि म्हणाली, "सर, आप हाथ पकड़िए, अँगूठा अंदर दबाइए, मैं खींचती हूँ." मी धरला. दाबला. साधना कण्हली आणि मी सोडून दिला. नर्स म्हणाली, "एक बार और, सर." मी नाही म्हणालो. मला ते जमत नव्हतं. शेवटी तिने कटर आणून पाटल्या कापल्या, आणि कापताना साधना माझ्याकडे बघत होती. त्यानंतर ती चार दिवस होती. एकतीस वर्षांच्या संसारात तिच्या हातात बांगडी कशी जाते ते मी एकदाही बघितलं नव्हतं. मी गाडीत बसून होतो.

मुश्ताकने बारा बांगड्या कागदात बांधल्या. सिग्नलपाशी उन्हात उभा असताना मला इलॅस्टिक आठवलं. अंगठा आत पडायला हवा आणि परत जागेवर यायला हवा. तिने नेमकं तेच केलं होतं. तिच्या हातात बोटं मोडत होती, पण बांगडी कधी मोडली नव्हती. आणि मी, पस्तीस वर्षं इंजिनिअरिंग केलेला माणूस, त्या अंगठ्याला बोल्ट मारून बसलो होतो.

घरी येऊन कचऱ्याचा डबा ओट्यावर उपडा केला. एकट्या माणसाचा डबा लवकर भरत नाही, त्यामुळे बुधवारचा कचरा अजून घरातच होता. चहाचा चोथा, दह्याचं झाकण, कांद्याची सालं. तळाशी इलॅस्टिक होतं. नळाखाली धुतलं तेव्हा दिसलं की त्यावर एक बारीक चंदेरी दोरा आहे. तेवढ्यात अवनीचा फोन आला. मी ते कॅमेऱ्यासमोर धरलं.

"दॅट्स माय हेअरबँड," ती म्हणाली. "फ्रॉम ग्रेड फोर. आई लेट मी टाय द थंब. एव्हरी इयर."

"तू बांधायचीस? मला कधी बोलला नाहीत दोघी."

"यू वेअर इन शारजा, बाबा." मग म्हणाली, "अँड यू नेव्हर आस्क्ड."

खरं होतं. यंदा येता का आलं नाही ते तिने पुन्हा सांगितलं, रजा, तिकीट, सगळं. मी म्हणालो, "अगं, कळतंय मला." फोन ठेवल्यावर मी शिवण पुन्हा उसवली, बोल्ट काढला, स्टीलच्या पट्टीला दोन भोकं पाडली आणि अंगठा त्या इलॅस्टिकवर घेतला. एका टोकाची अवनीची गाठ अजून शाबूत होती. ती सोडवली नाही.

रविवारी सकाळी मुखवटा ताटात घेऊन मी फ्लॅटच्या दाराबाहेर गेलो. गौर आत आणताना बाहेरच्याला विचारायचं असतं, गौर कशाच्या पावलांनी आली, आणि बाहेरच्याने म्हणायचं असतं, सोन्याच्या पावलांनी. मी आत जाऊन विचारलं आणि बाहेर येऊन उत्तर दिलं. लिफ्टमधून एक फिलिपिनो मुलगी उतरली, तिने गुड मॉर्निंग म्हटलं. मीही म्हटलं. मग गॅसवर मेथीची भाजी टाकली, येईल तशी, आणि गौरीला साधनाची हिरवी पैठणी नेसवली. निऱ्या काही धड आल्या नाहीत.

बांगड्या शेवटी. गौरीसमोर स्टूल घेऊन बसलो आणि तिचा हात हातात घेतला. बोटं एकत्र केली, अंगठा मुळापासून आत दाबला. तो तळव्यात पडला. बांगडी बुडाशी येऊन थांबली, आणि माझा हात सैल पडायला लागला, हॉस्पिटलात पडला होता तसा. मी सोडलं नाही. दाबून धरलं, बांगडी फिरवली, आणि ती गेली. कुणी कण्हलं नाही. दुसरी गेली, तिसरी गेली. बाराच्या बारा गेल्या, एकही वाढवली नाही. प्रत्येक वेळी ते इलॅस्टिक अंगठ्याला हलकेच परत जागेवर आणत होतं.

बाराव्या बांगडीनंतर अंगठा परत आला तेव्हा माझं बोट मध्ये होतं. तिच्या अंगठ्यात आणि पहिल्या बोटात ते सापडलं. पकड फार नव्हती, हिसडा दिला असता तर सुटलं असतं.

स्वयंपाकघरातून मेथी करपायला लागल्याचा वास आला. मी हात काढला नाही.