थिएटर दोनचा पंखा

वस्तादांची इस्पितळाच्या प्लांट रूममध्ये, म्हणजे पंप-पंख्यांच्या खोलीत, एकतीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यातली निदान वीस वर्षं त्यांचं कंट्रोल पॅनेलशी पटत नव्हतं. पॅनेल ऊठसूट बोंबलायचं. फिल्टर जरा मळला, बोंब. दार दोन मिनिटं उघडं राहिलं, बोंब. एक पंप थांबला की त्याच्यामागून चाळीस अलार्म ठणाणा करत सुटायचे. शेवटी पाळीवरच्या लोकांनी आवाज बंद करायच्या बटणात आगपेटीची काडी खुपसून ते कायमचं दाबून टाकलं. वस्तादांनी याकडे चक्क काणाडोळा केला होता. ऑपरेशन थिएटरमध्ये हवा जाते की नाही, हे ते जाळीला बांधलेल्या चिंधीकडे बघून ठरवत.

आणि हे पॅनेल सुधारायचं काम कंपनीने दिलं कोणाला, तर त्यांच्याच धाकट्या लेकीला. पोरीचं पहिलंच स्वतंत्र काम. तिने तीन आठवडे मान मोडून चारशे बारा अलार्म छाटले आणि अडतीसवर आणले. प्रत्येकाला अटी घातल्या. अमुक चालू असेल, आणि तमुक होत नसेल, आणि तसं ठरलेल्या वेळेपर्यंत राहिलं, तरच वाजायचं. एका बिघाडापायी दहा गोष्टी बंद पडल्या, तर वाजणार फक्त मूळ बिघाडाचा अलार्म, बाकीच्यांनी तोंड मिटून बसायचं. जेवताना ती हे सांगायची तेव्हा वस्ताद नुसते ‘हं, हं’ करत. कमी बोलणाऱ्या पॅनेलवर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

मुख्य अभियंत्यांचाही नव्हता. त्यांनी सरळ सांगून टाकलं की एकच चाचणी होईल. बिघाड कोणता करायचा ते वस्ताद ठरवतील आणि मुलीला कळू देणार नाहीत. अलार्म बरोबर वाजला तर नव्या मांडणीवर सही, नाहीतर जुनं पॅनेल परत आणि काम दुसऱ्याच्या हातात. हे वस्तादांवर त्यांच्या प्रामाणिकपणामुळे सोपवलं, की साहेबांना पोरगी पास व्हायलाच हवी होती, देव जाणे.

सकाळी डबा भरताना बायकोने सुनावलं की एखादा पंप बंद करा आणि मोकळे व्हा, पोटच्या पोरीची परीक्षा कसली घेता. वस्ताद डबा उचलून निघाले. बंद पंप तर कुठलंही पॅनेल ओळखतं. त्यात पोरीचं काय कौतुक?

थिएटर दोन त्या दिवशी रिकामं ठेवलं होतं. वस्तादांनी त्याच्या पंख्याची वीज तोडली, स्विचला कुलूप घातलं, मोटर आणि पंखा जोडणारा पट्टा काढून घेतला, झाकण बसवलं आणि वीज परत जोडली. आता मोटर फिरणार आणि पंखा ढिम्म हलणार नाही. या बिघाडाने जुन्या पॅनेलला दोनदा फसवलं होतं. एकदा तर टेबलावर माणूस होता आणि पॅनेलवर सगळं हिरवंगार दिसत होतं.

कंट्रोल रूममध्ये साहेबांनी पंखा चालू करायला सांगितला. लेकीने बटण दाबलं. पडद्यावरची खूण हिरवी झाली आणि पुढे काहीच झालं नाही. दहा सेकंद गेले, तीस गेले. लेक हात मांडीवर ठेवून शांत बसली होती. आपणच पोरीचा केसाने गळा कापला, असं वस्तादांना मात्र वाटलं.

एक मिनिट झालं तसे साहेब खाकरले. “मॅडम, सगळं हिरवंच दिसतंय.”

“अजून तीस सेकंद, साहेब. पंख्याला वेग धरायला वेळ द्यायला हवा ना.”

तीस सेकंदांनी अलार्म वाजला. एकच. पडद्यावर ओळ उमटली: थिएटर दोनचा पंखा. मोटर फिरते, हवा नाही. पट्टा तपासा. मोटर आपोआप बंद झाली आणि बाकीचे सदतीस अलार्म गप्प राहिले.

साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली आणि वस्तादांकडे बघितलं. वस्तादांनी मान डोलावली. सही करताना साहेब हसून म्हणाले की बापाने लेकीसाठी असा अवघड बिघाड शोधलेला आजच बघितला. वस्तादांनी नाक पुसायचं निमित्त करून रुमाल डोळ्यांवरून फिरवला.

पट्टा परत चढवायला दोघं प्लांट रूममध्ये गेली. वस्तादांनी स्विचला कुलूप घातलं आणि इकडचं तिकडचं बोलत राहिले. शेवटी म्हणाले, “रागावलीस का गं? जरा जास्तच अवघड झालं.”

“त्याची भीती नव्हती, बाबा,” ती म्हणाली. “तुम्ही माझी दया येऊन सोपं काहीतरी कराल, याची होती. मग सही मिळाली असती, पण काम खरंच जमलंय का, ते मला कधी कळलंच नसतं.”

या पंख्याचा पट्टा वस्ताद कोणाला चढवू देत नसत, पाळीवरच्या जुन्या माणसांनासुद्धा नाही. त्यांनी पाना तिच्या हातात दिला आणि स्वतः बॅटरी धरून उभे राहिले.