अर्धी दाढी

"हा वस्तरा आला कुठून तुमच्याकडे?" सिस्टरचा आवाज चढला.

वृद्धाश्रमाच्या हॉलमध्ये पोस्टमास्तर ऐसपैस बसले होते. एक गाल कसाबसा भादरलेला, दुसऱ्यावर साबणाचा फेस, हनुवटीवर रक्ताचा थेंब.

"कपाटाला कुलूप लावायला विसरलात तुम्ही. आता उरलेली दाढी माझा खोलीवाला करेल. बोलवा त्याला."

खोलीवाला म्हणजे त्यांच्याच खोलीत राहणारे सलूनवाले काका. जन्मभर लोकांच्या दाढ्या केल्या, गप्पा ऐकल्या. बायको गेली आणि यांची वाचाच बसली. इथे आल्यापासून भिंतीकडे तोंड आणि ताट जसंच्या तसं परत. वस्तरा त्यांचाच, सिस्टरने पहिल्याच दिवशी काढून घेतलेला. आज डॉक्टर यायचे होते. काका हॉलमध्ये दिसले नाहीत, तर रवानगी वरच्या मजल्यावर, अंथरुणाला खिळलेल्यांत. वर गेलेला माणूस पुन्हा खाली आलेला सिस्टरने पाहिला नव्हता.

"त्यांच्या हातात वस्तरा? डोकं ठिकाणावर आहे का?"

"मग काय चमचा देऊ?" म्हणत पोस्टमास्तरांनी पातं खरखर उलटं ओढलं.

"उलटा नाही चालवायचा." दारातून घोगरा आवाज आला.

काका उभे होते. ते पुढे आले आणि त्यांनी हात पसरला. हात थरथरत होता. वस्तरा हिसकावून घ्यावा असं सिस्टरला फार वाटलं. काही विपरीत झालं, तर नोकरी तर जाईलच, पण स्वतःला तोंड कसं दाखवायचं? तरी ती जागची हलली नाही.

पोस्टमास्तरांची बडबड पहिल्यांदाच बंद झाली. त्यांनी डोळे मिटून खुर्चीचे हात घट्ट धरले. भ्यालेच होते ते.

काकांनी अंगठ्याने कातडी ताणली. पातं गालाला टेकलं आणि थरथर थांबली.

"गाल फुगवा. हं. आता मान वर."

पातं गळ्यावरून सावकाश फिरलं.

दाढी झाली. काकांनी वस्तरा पुसला आणि ते त्याच्याकडे बघत राहिले. फार वेळ. सिस्टर एक पाऊल पुढे सरकली. तेव्हा त्यांनी तो मिटला आणि तिच्या हातावर ठेवला.

"माझ्याजवळ नको हा. कुलूप विसरत जाऊ नकोस, पोरी."

"नाही विसरणार, काका."

ते पोस्टमास्तरांच्या शेजारच्या खुर्चीत बसले.

"उद्या सकाळी मागून घेईन. यांच्या कल्ल्यांची पार वाट लागलीय."